माझा भाऊ पीत न्हाय

बेलभंडारा मी दिला. दुसऱ्या कुणी न्हाय, मी. हे आधी सांगून टाकते, म्हंजे मागनं कुणी म्हणायला नको की आक्का अंगावरचं झटकून मोकळी झाली.

शहात्तर सालची गोष्ट. शाहूपुरीत माझं मिरची कांडपाचं मशीन हुतं, अजून हाय. नवरा गेल्यावर त्याच्यावरच मी लेक वाढवली, सरू. धाकटा भाऊ हंबीर माझ्याकडंच राहायचा. हंबीर टर्नर. ऑइल इंजिनाच्या कारखान्यात लेथवर लोखंड कातायचा. त्याच्यासारखा टर्नर अख्ख्या शाहूपुरीत न्हवता. बहीण म्हणून सांगत न्हाय, त्याचा मालकच सांगायचा. माप घ्यायच्या आधी हंबीर नुसतं बोट फिरवून म्हणायचा, अजून केसभर जास्त हाय. मोजलं की तेवढंच निघायचं.

पर पीत हुता. बारा वर्सं. पहिल्यांदा पगाराच्या दिवशी, मग रोज संध्याकाळी, मग सकाळी चहाच्या आधी. सकाळची घेतल्याबगार त्याचा हात थांबायचा न्हाय. बायको चंदगडला माहेरी गेली ती परत आली न्हाय, आणि मी तिला दोष देत न्हाय. मी आपली शिव्या देत बसायची. माझं तोंड काय तुम्हाला सांगाय नको, कांडपात जन्म गेलाय. बाटल्या फोडल्या, दोन येळा केरसुणीनं हाणला बी. "पी मुडद्या, पी आणि मर एकदाचा," हे माझं रोजचं. तो हसायचा. "तू म्हणतीस म्हणून तरी मरत न्हाय आक्का," म्हणायचा.

अशात सरूचं लगीन जुळलं. बिद्रीचं स्थळ. पोरगा साखर कारखान्यात कारकून, पोराचा बाप गणपतराव, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. गुरुवारी सुपारी फोडायची ठरली. आता पोरीला बाप न्हाय म्हणल्यावर मामाच सगळं. सुपारीला बसणार मामा, मांडवात पोरीला हाताला धरून आणणार मामा, अंतरपाटाच्या टायमाला तिच्या मागं उभा राहणार मामा. आणि मामा झोकांड्या खात उभा राहिला तर? माझ्या डोळ्याला डोळा लागंना झाला.

तर खरं ते सांगते. मला त्याची दारू तोडायची हुती ती त्याच्या जिवापायी न्हवं. माझ्या मांडवापायी. बारा वर्सांत जे सुचलं न्हाय ते मला त्या आठवड्यात सुचलं.

रविवार, जोतिबाचा वार. सकाळी सातला त्यानं आपली नेहमीची घेतली, ती मी बघून न बघितल्यागत केलं. मग त्याला अंघोळ करायला लावली आणि देवापुढं बसवला. हातात बेल आणि भंडारा दिला, कपाळाला गुलाल लावला. सरूला पुढ्यात बसवली आणि त्याचा दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणलं, "म्हण. हितनं पुढं एक थेंब घेतला तर ह्या पोरीचं काय बी होऊ दे."

सरू म्हणाली, "आई, कशाला असलं?" मी तिला गप केलं. हंबीरनं म्हणलं, सगळं, मी सांगितलं तसं. आमच्याकडची माणसं कोर्टात खोटं बोलतील, पर बेलभंडारा उचलला की बांधली गेली.

आणि त्यानं ती शपथ पाळली. सगळा घोटाळा हितंच झाला बघा. दुसरा कुणी असता तर संध्याकाळी मागल्या दारानं जाऊन घोट मारून आला असता, आणि आज बी लेथवर असता.

सोमवारी सकाळपासनं त्याला घाम. उलट्या. चहाची बशी दोन्ही हातानं धरली तरी सगळा चहा छातीवर. मला वाटलं, आतली घाण बाहेर पडतीया, पडू दे. शेजारणीला मोठ्या तोंडानं सांगितलं बी तसं. आपण लई शहाणं, असं मला त्या दिवशी वाटत हुतं.

संध्याकाळी मी लसूण सोलत बसलेली. तो येऊन माझ्याजवळ फरशीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघ्याला गुडघा लावून. म्हणाला, "आक्का, सुटली म्हण."

लहान पोरं एकमेकाला शपथ घालत्यात आणि मग 'सुटली' म्हणलं की ती सुटती, ते तुम्हाला ठावं हाय. चाळिशीचा बाप्या माझ्यापुढं बसून तेच म्हणत हुता. "एकदा म्हण. मला काय तरी हुतंय. आत काय तरी तुटाय लागलंय. सरूच्या डोक्यावर हात हाय माझा, मी आपल्या मनानं घेणार न्हाय. तू म्हण."

मी म्हणलं, "गुरुवारनंतर बघू."

तुझ्या बऱ्यासाठी करते, एवढं तरी म्हणायचं. ते बी मी म्हणलं न्हाय. गुरुवार म्हणलं. तो उठला, भिंतीला धरून आत गेला आणि आडवा झाला. मी लसूण सोलून पुरा केला.

मंगळवारी सकाळी तो मोरीत पडला. दातखीळ बसलेली, तोंडाला फेस, हातपाय झाडतोय. आळी गोळा झाली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली. मी धावत जाऊन देवापुढचा गुलाल आणला आणि त्याच्या कपाळाला चोळला. मला वाटलं, चोरून प्यालाय, शपथ मोडलीया, देवानं धरला. वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास न्हवता. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला न्हाय.

तेवढ्यात दारात जीप थांबली. गणपतराव. सुपारीला काय काय लागंल ते बोलायला कुणाची तरी जीप घेऊन ते आलते. हंबीरला बघून त्यांनी एक शब्द इचारला न्हाय. फेटा काढून काखेत मारला, त्याला उचलला आणि जीपमधी घातला. दवाखाना येईस्तोवर हंबीरचं डोकं त्यांच्या मांडीवर हुतं. मी पुढं बसलेली, आणि माझ्या मनात एकच चाललेलं, ह्यांना कळाय नको.

दवाखान्यात डॉक्टर तरणाच हुता, पर माणूस बारीक नजरंचा. हंबीरच्या डोळ्यात बॅटरी मारली, जीभ बाहेर काढायला लावली, हात पुढं धरायला लावले. ते हात बघत राहिला. मग मला इचारलं, "हे दारू घेतात का?"

गणपतराव माझ्या शेजारी उभे. हातभर अंतर.

"न्हाय," मी म्हणलं. "माझा भाऊ पीत न्हाय."

"बाई, नीट आठवून सांगा. कधीतरी घेत असतील. शेवटची कधी घेतली?"

"सुपारीचं खांड खात न्हाय तो. जोतिबाची आण घेऊन सांगते."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, मग गणपतरावांकडं बघितलं. गणपतराव जमिनीकडं बघत हुते. डॉक्टरनं कागदावर काय तरी लिहिलं. हंबीर खाटंवर परत डोळे मिटून पडलेला, त्याला ग्लानी आली असंच मला वाटलं.

दारू न्हाय म्हणल्यावर डॉक्टरला मेंदूच्या तापाचा संशय आला. पडदा लावला. दोघांनी त्याला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी दाबून धरला आणि मणक्यात लांब सुई घालून पाणी काढलं, तपासायला. मी पडद्याच्या अलीकडं उभी हुते. तो कण्हत हुता ते ऐकाय येत हुतं. ती सुई त्याला माझ्या जिभेनं टोचली, डॉक्टरचा त्यात काय दोष न्हाय.

पाण्यात काय निघालं न्हाय. अंग मात्र तापत गेलं. बुधवारी सकाळी मी डबा घेऊन गेले तर त्याला भिंतीवर मुंग्या दिसाय लागलत्या. मग त्या बी गेल्या आणि त्याचं काम सुरू झालं. खाटंवर उठून बसला आणि लेथ चालवाय लागला. डाव्या हातानं चाक फिरवतोय, उजव्या हातानं हत्यार पुढं घेतोय, मधीच थांबून अंगठा आणि बोट जवळ आणून माप घेतोय. समोर नुसती हवा. सिस्टरनं दोन्ही हात पट्टीनं खाटंला बांधले, तर बोटं तेवढी फिरत राहिली. मी जवळ गेले तशी माझ्याकडं वळून म्हणाला, "आक्का, मागं सर. तापलेला लोखंडाचा कीस उडतोय, डोळ्यात जाईल."

दवाखाना त्याला कळत न्हवता, खाट कळत न्हवती, आपण बांधलेलो हाय हे कळत न्हवतं. माझे डोळे तेवढे त्याला जपायचे हुते. मला माझीच किळस आली. असं वाटलं, त्या खाटंवर मला बांधायला पायजे.

डॉक्टर फेरीला आला. बरोबर चार शिकाऊ पोरं, दोन सिस्टर. खाटंच्या पायथ्याला गणपतराव, हातात शहाळं. मी कुणाकडं बघितलं न्हाय. म्हणलं, "डॉक्टर, पितोय तो. बारा वर्सं पितोय, रोज, सकाळपासनं. रविवारी सातला शेवटची घेतली. मग मी बेलभंडारा देऊन तोडायला लावली. काल मी खोटं बोलले."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. "काल हेच विचारलं होतं, बाई," एवढंच म्हणाला आणि सिस्टरला भराभरा इंजेक्शनांची नावं सांगाय लागला. अर्ध्या तासानं मला बाहेर बोलावून घेतलं.

"इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एका दिवसात तोडायची नसते," तो म्हणाला. "अंगाला तिची सवय झालेली असते. एकदम बंद झाली की फिट येते, भ्रम होतो, माणूस दगावतोसुद्धा. दवाखान्यात ठेवून, औषधं देऊन सोडवावी लागते. हा आजार आहे. तुम्ही शपथ घालून टायफॉइड उतरवता का?"

"न्हाय."

"मग?"

मी इचारलं, "वाचंल का?"

"दोन दिवसांत कळेल. काल औषध सुरू झालं असतं तर मी जास्त खात्रीनं बोललो असतो."

बाहेर बाकड्यावर गणपतराव बसलते. शहाळं तसंच हातात. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणलं, "ऐकलंसा न्हवं? मोडायची असंल तर मोडा सोयरीक. मला आता काय बी वाटत न्हाय."

ते म्हणाले, "मला ठावं हुतं, विहीणबाई."

"काय ठावं हुतं?"

"तुमचा भाऊ पितोय ते. सोयरीक करायच्या आधी माणूस चौकशी करतोय की. शाहूपुरीत चहाच्या गाड्यावर बी सांगितलं मला. आणि एवढंच व्हय? आमच्या भावकीत काय पिणारे न्हाईत? पोरगी चांगली हाय म्हणून आम्ही व्हय म्हणलं."

"मग काल डॉक्टरनं इचारलं तवा तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलतं?" मी ओरडले. जाणारे-येणारे थांबून बघाय लागले.

"तुम्ही देवाची आण घेऊन न्हाय म्हणला. त्याच्यावर मी व्हय कसं म्हणू? परक्या माणसापुढं तुमची मान खाली गेली असती." त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळं पुसलं. "चुकलं माझं. रातसारी मी तेच घोकतोय."

त्यांना काय बोलायचं? ते माझी अब्रू राखत हुते आणि मी त्यांच्यापुढं माझी अब्रू राखत हुते, आणि दोघांच्या मधी खाटंवर माझा भाऊ मराय टेकला हुता. बरं, ज्याच्यासाठी खोटं बोलले त्याची गरज बी न्हवती. माणसाला आधीच ठावं हुतं. मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले. दोघं बी दुपारपर्यंत तिथंच बसून हुतो.

गुरुवारची सुपारी पुढं ढकलली. शुक्रवारी त्याचा ताप उतरला. शनिवारी त्यानं मला पाणी मागितलं, नीट, नाव घेऊन. जगला. पर पाय पयल्यागत चालंना झाले, भिंत लागायची. आणि बोटांची शुद्ध गेली ती कायमची. एकदा तो मला सुईत दोरा ओवून देत हुता, तवा कळलं. दोरा बोटात हाय का न्हाय ते त्याला बघितल्याबगार समजत न्हवतं. मी डॉक्टरला इचारलं, एक दिवस आधी इलाज झाला असता तर? तो म्हणाला, "सांगता येत नाही. दारूनंही नसा गेलेल्या असतात. कदाचित फरक पडला असता." त्या कदाचितला आता किती वर्सं झाली, तो काय मला सोडत न्हाय.

घरी सोडताना डॉक्टरनं सांगितलं, "अंगातली उतरली आहे. पण महिन्याभरात मन पुन्हा मागेल. मिरजेला एक डॉक्टर आहेत, मनाच्या आजाराचे. तीन आठवडे ठेवून घेतात. चिठ्ठी देतो."

आळीत सगळ्यांनी वेड्यात काढलं. येड्यांच्या डॉक्टरकडं नेणार व्हय? आता सुटलीया की, देवानं सोडवली, कशाला धिंडवडे? मी म्हणलं, तुम्ही आपापल्या घरी जावा.

पुढचं आधी सांगून टाकते आणि मग बसमधलं सांगते, कारण ते मला शेवटाला सांगायचं हाय. तीन आठवडे तो मिरजेला राहिला. गोळ्या चालू झाल्या, दर महिन्याला जाणं-येणं. सरूच्या लग्नात काठी टेकत मागं उभा राहिला. दीड वर्सानं एकदा परत प्याला. तवा मी शिवी दिली न्हाय, केरसुणी धरली न्हाय, मिरजेची गाडी धरली. तवापासनं न्हाय. लेथवर काय तो परत गेला न्हाय. मालकानं कारखान्यातच स्टोअरला बसवला, नट-बोल्ट मोजून द्यायला. येताजाता लेथपाशी थांबून बघत उभा राहतोय, असं तिथली माणसं सांगत्यात. आणि बायका अजून माझ्याकडं येत्यात, नवऱ्याचा हात धरून. आक्का, तुमच्या हाताला गुण हाय, ह्यांना बी बेलभंडारा द्या. त्यांना मी बसवते आणि हे सगळं सांगते, आणि मिरजेचा पत्ता देते. निम्म्या उठून जात्यात.

तर बसचं. त्याला मिरजेला नेत हुते त्या दिवशी. तो खिडकीला, मी शेजारी, मांडीवर कपड्याची पिशवी. हातकणंगलं मागं पडलं. मला राहवंना. तीन आठवडे त्याला तिथं ठेवायचं आणि हे पोटात घेऊन परत यायचं, ते मला झेपणार न्हवतं. म्हणलं, "हंबीर, तुला एक सांगायचंय. तुला दवाखान्यात नेला तवा डॉक्टरनं मला इचारलं, हा पितोय का म्हणून. मी न्हाय म्हणलं. गणपतराव हुते म्हणून. तुझा एक दिवस मी खाल्ला. तुझी बोटं माझ्यामुळं गेली."

तो बाहेर बघत हुता. म्हणाला, "ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"मी ऐकलं की. डोळे मिटलेले हुते, पर जागा हुतो."

"अरं, मग तू का बोलला न्हाईस? डॉक्टरला सांगायचं न्हाय, मी पितो म्हणून?"

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला बरं वाटलं, आक्का. बारा वर्सांत पहिल्यांदा कुणी तरी चार माणसांत म्हणलं, माझा भाऊ पीत न्हाय. मला वाटलं, जरा येळ तसंच असू दे."

कंडक्टर तिकीट बघाय आला. मी पिशवीत तिकिटं हुडकाय लागले आणि मला ती गावंनात. हंबीरनंच माझ्या हातातनं पिशवी घेतली, त्यात वाकून बघितलं, आणि ज्या बोटांना काय कळत न्हवतं त्या बोटांनी तिकिटं काढून दिली.